मासळीच्या बर्फातलं इंजेक्शन

हरेशभाऊंनी मासळीचा निळा क्रेट माझ्या टेबलावर ठेवला. बर्फाचं पाणी फायलींवर गळायला लागलं.

"हात लावून बघा मॅडम. दोन दिवस काय होत नाय याला."

मी बर्फ बाजूला केला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत आमच्या इंजेक्शनची कुपी होती आणि औषध गोठून घट्ट झालं होतं. मी कपाळाला हात लावला.

मी डहाणूच्या एका हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे नव्या औषधाची चाचणी चालते, तिची कागदपत्रं, तारखा, फोन आणि बोलणी खाणं माझ्याकडे. हरेशभाऊ वरोरचे मच्छीमार. त्यांची अकरा वर्षांची मिताली आमची पेशंट. हाडाला चिवटपणा देतं ते कोलॅजन. मितालीच्या शरीरात ते जन्मापासून सदोष बनतं, त्यामुळे बाकावरून उतरतानाही तिचं हाड मोडतं. हे इंजेक्शन कोलॅजन दुरुस्त करत नाही. नवं हाड बनण्यावर शरीर जो ब्रेक लावतं, तो सैल करतं. गुण किती येतो हे अजून ठरायचंय, म्हणून तर ट्रायल. पण सलग दोन डोस चुकले की पेशंट बाहेर, असा नियम. मितालीचा मागचा डोस तापामुळे हुकला होता. या डोसची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

आणि नेमकी या क्रेटच्याच दिवशी सकाळी, औषध घेऊन गुजरातहून येणारी कुरियरची गाडी सीमेवरच्या अच्छाडला बंद पडली. औषधाचा थंड बॉक्स गरम व्हायला लागला. आमची अँब्युलन्स पेशंट घेऊन तलासरीला गेलेली, डॉक्टर ऑपरेशनमध्ये. हरेशभाऊ मितालीला घेऊन बाहेरच बसले होते.

"माझा टेम्पो आहे की. पोरीला इथे बसू दे, मी आणतो," ते म्हणाले. नियमात बसत नव्हतं, तरी मी हो म्हटलं. येताना वाटेतून त्यांचा फोन आला. बॉक्सवरचा तापमानाचा काटा आठाच्या वर चाललाय, काय करू?

"काहीही करा, पण थंड ठेवा," मी खेकसले आणि फोन ठेवला.

त्यांनी टेम्पोतल्या क्रेटमध्ये बर्फ भरून कुपी त्यात पुरली. "वरून मीठ पण मारलं मॅडम. माल लांब जायचा असला की आम्ही मारतोच."

मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो. आमचं औषध दोन ते आठ डिग्रीतच टिकतं. ते प्रोटीन आहे, एकदा गोठलं की भरवसा संपला. हे सांगितलं तेव्हा हरेशभाऊ खुर्चीत बसले.

"म्हणजे मीच घालवलं पोरीचं?"

मला धीर द्यायचं सुचलं नाही. मी इतकी वैतागले होते, कुरियरवर, त्यांच्यावर, सगळ्यात जास्त स्वतःवर.

मग कंपनीच्या मॉनिटरला फोन केला. आमचं काम तपासणारा माणूस.

"कारण लिहा, वडिलांचा निष्काळजीपणा," तो म्हणाला. "दुसरा डोस चुकला. पेशंट ट्रायलमधून बाहेर."

"निष्काळजीपणा? त्या माणसाने आपल्या मालासारखं जपलंय ते."

"मग काय लिहाल?"

"साइटची चूक. अपुरी सूचना." साइट म्हणजे आमचं हॉस्पिटल.

"सूचना कुणी दिली?"

"मी."

"मेजर डेव्हिएशन तुमच्या नावावर लागेल मॅडम." म्हणजे नियमभंगाचा मोठा शेरा.

"लावा."

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं काम करताय, गोठवू नका एवढं सांगता आलं नाही?"

"नाही आलं, सर."

चूक साइटची असेल तर पेशंटला शिक्षा नको, असं कंपनीच्या डॉक्टरांनी ठरवलं. मुदत वाढली, नवी कुपी आली, मितालीला इंजेक्शन मिळालं. मला मात्र तापमान या विषयावर ऑनलाइन ट्रेनिंग. प्रत्येक स्लाइडवर थर्मामीटरचं चित्र. सर्टिफिकेटही आलं.

तेव्हापासून मी कुणालाही 'थंड ठेवा' म्हणत नाही. आकडा सांगते. आणि त्याआधी विचारते, घरी रोज काय थंड ठेवता, आणि कसं?