आमच्या घराची पहिली मालकीण

आमचं तंजावरचं घर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. कमानीच्या खिडक्या, त्यांना लाल-हिरव्या काचा, पुढे लोखंडी खांब. कुणा गोऱ्या साहेबानं ते बांधलं आणि माझ्या पणजोबांनी त्याच्याकडून घेतलं, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगत.

एकोणीसशे नव्वदनंतर गावात कॉम्प्युटर क्लास निघू लागले. मलाही पुढच्या खोलीत एक काढायचा होता. विजेच्या जादा जोडणीसाठी घराचे कागद हवे होते, म्हणून अप्पांनी जुनी पेटी उघडली. तळाशी मोडीतलं खरेदीखत निघालं. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. मोडी कोण वाचणार? मराठा राजांच्या राजवाड्याजवळ मोडीचे एक वृद्ध जाणकार राहत, त्यांना अप्पा ऑटोतून घेऊन आले.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "साहेब कुठला? हे घर एका बाईनं बांधविलं. राजवाड्यात स्वयंपाकीण होती. तुमच्या आजोबांना तिनंच विकलं."

अप्पांचा चेहरा उतरला. आई मात्र टाळी वाजवून हसली. "तरीच! बैठकीपेक्षा स्वयंपाकघर मोठं का, ते आज कळलं मला."

"एक अटही आहे," जाणकार म्हणाले. "ती हयात आहे तोवर मागच्या खोलीत राहील, आणि सणाचा स्वयंपाक तीच करील."

अप्पा एकदम सावरून बसले. "म्हणजे आजीपासून चालत आलेलं आमच्या घरचं उडदाच्या पिठाचं डांगर..."

"राजवाड्यातलंच असणार!" आई म्हणाली. मग त्या पाहुण्यांना जेवल्याशिवाय कोण सोडतंय!

महिन्याभरात क्लास सुरू झाला. सात मुली आल्या, आणि आठवे विद्यार्थी अप्पा. त्यांना घराचा खरा इतिहास टाइप करायचा होता. एका बोटानं, अक्षर शोधत, रोज चार ओळी. एखादी ओळ पुसली गेली की मुली धावत यायच्या आणि ती परत आणून द्यायच्या. दोन पानं झाल्यावर अप्पांनी त्यांच्या प्रती काढून सगळ्या नातेवाइकांना पोस्टानं धाडल्या.

पहिलं उत्तर पापनाशम गावच्या माझ्या म्हाताऱ्या आत्याकडून आलं. कार्डावर तमिळमध्ये दोनच ओळी होत्या: "मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू साहेबाची गोष्ट इतकी रंगवून सांगायचास, मध्ये बोलवेना."

अप्पा ते कार्ड वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.