वडिलांचं नाव टाकलं तेव्हा

डांबरगोळ्यांचा वास आला की आमच्या सरकारी ऑफिसची जुनी रेकॉर्ड रूम आठवते. फायली कॉम्प्युटरवर आणायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हे तिथेच ठरत होतं. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने नमुन्यादाखल जुन्या फायलींचे काही बस्ते स्कॅन केले होते. "कुठलंही नाव टाका," तो म्हणाला. न्हावा शेव्याजवळच्या कोळीवाड्यातल्या आमच्या क्लार्क बाईंनी वडिलांचं नाव टाकलं. बाईंच्या आईला मासळी बाजारात ओटा मिळावा म्हणून वडिलांनी केलेला अर्ज क्षणात समोर आला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाई हळूच म्हणाल्या, "बापूस मरेपर्यंत इथं खेटे घालायचा. त्याला सांगायचे, फाईल गावत नाय." सॉफ्टवेअर तेच घेतलं. आजही कुणाचा जुना कागद मिळाला की "सापडला" म्हणताना माझा आवाज खाली येतो.