वरंधच्या वळणावरचा नायट्रोजन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. माझा विश्वास वजनकाट्यावर... आणि हे सांगतेय तेही काट्याच्याच भरवशावर.

महाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी संशोधक आहे. दोन वर्षं खपून एका प्रथिनाचा एकच धड स्फटिक हाती लागला होता — मिठाच्या कणाएवढा. तो नायलॉनच्या बारीक फासात उचलून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवला होता. आता तसाच थंडगार पुण्याच्या एक्स-रे मशीनपर्यंत न्यायचा. वाटेत नायट्रोजन संपला की स्फटिक गेला, आणि माझी दोन वर्षंही. ड्युअर, म्हणजे मोठा थर्मासच, गाडीत बांधला आणि ड्रायव्हर सुरेशभाऊंबरोबर सकाळीच वरंध घाटाने निघाले.

वरंध गाव सोडलं तर पुढे एका वळणावर ट्रक आडवा. थांबलोच आहोत म्हणून ड्युअर सोबत आणलेल्या काट्याला लावला... सव्वादोन किलोने हलका! ड्युअरच्या दुहेरी भिंतीतला व्हॅक्यूम गेला होता. तळाशी जेमतेम बोटभर नायट्रोजन. मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. पन्नाशीचे गृहस्थ, कॅरिअरला निळा कॅन — गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचा; त्यातही द्रव नायट्रोजनच असतो.

"ताई, तुमच्यात काय हाय? जर्सी का मुऱ्हा?"

रडता रडता हसले. सगळं सांगितलं.

"नायट्रोजन तो नायट्रोजनच. झाकण काढा."

त्यांनी कॅन ओतला. पांढरा धूर उसळला, काटा पुन्हा जागेवर आला. नाव विचारेपर्यंत ते ट्रकच्या कडेने निघूनही गेले. पुण्यात पोचलो तेव्हा थोडासाच नायट्रोजन उरला होता, पण स्फटिक शाबूत!

पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन, चौकशी करत त्यांचं घर गाठलं. तेच गृहस्थ. पण त्यांनी आम्हाला ओळखलंच नाही.

"अहो, तुम्हीच होतात की!" सुरेशभाऊ म्हणाले.

"त्या दिवशी मी पोलादपूरला लेकीकडं होतो. आणि ह्यो कॅन बघा..." त्यांनी पडवीतला निळा कॅन उलटा केला. तळाला बोट जाईल एवढी चीर. "गेल्या पावसाळ्यात पडून फुटला. त्यात काय ठरतच नाय."

मी तरी पेढे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला.

"मी कसा घेऊ, ताई? ज्यानं वतला त्याला द्या."

दुसरा कुणी असेल म्हणावं, तर चेहरा आम्ही दोघांनी ओळखला होता. ते सव्वादोन किलो कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. परतताना त्या वळणावर गाडी थांबवली, पेढ्यांचा पुडा कठड्यावर ठेवला आणि हात जोडले. सुरेशभाऊ बघत होते. मला जराही लाज वाटली नाही.