धर्मराजची बायको नाटकाला जाते

शिरवण्याच्या पुतळाबाईने एकदा मनात घेतलं, की ते तिच्या डोक्यातून काढायची कुणाची टाप नव्हती. त्या वर्षी तिने नाटक मनात घेतलं. खुर्चीत बसून, पडदा वर जाण्यापासून खाली येईपर्यंत अख्खं नाटक बघायचं.

त्याला कारण होतं. तिचा नवरा धर्मराज महाप्याच्या कारखान्यात कामाला होता आणि जत्रा आली की गावच्या नाटकात बाईचं काम करायचा, तेही पुतळाबाईचंच लुगडं नेसून. नाटकात तो सासरी जायला निघाला की अख्खं गाव रडायचं. रडली नाही ती एकटी त्याची बायको, कारण तिने ते कधी बघितलंच नाही. नवऱ्याला लुगड्यात बघणं बायकोला शोभत नाही, असा सासूचा कायदा होता. पुतळाबाई घरात बसून लांबून पेटी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका तिलाच सांगायच्या, तुझा नवरा काय देखणा दिसला म्हणून. पुढे सासू गेली, धर्मराजही गेला, नाटकमंडळी मोडली आणि गावात व्हिडिओ आला. बघायचं राहिलं ते राहिलंच, आणि ते तिला सलत होतं.

वरच्या मजल्यावर चारुलता भाड्याने राहायची. ती साताऱ्याकडची, बेलापूरला नोकरीला. तिने दादरच्या नाट्यगृहातल्या रविवार दुपारच्या खेळाची दोन तिकिटं आणली. पण चारुलता पडली हौशी. मुंबईला जायचंच तर सगळं दाखवते मावशी, म्हणून तिने सकाळीच पुतळाबाईला बसमध्ये बसवलं. गेटवेला पुतळाबाई समुद्राकडे पाठ करून बसली. खाडीकाठी राहून पाणी तिने जन्मभर बघितलं होतं. राणीच्या बागेत हत्तीसमोर उभी राहून तिने विचारलं, नाटक किती वाजता. म्युझियमच्या पायऱ्यांवर मात्र तिने बैठकच मारली.

"तू बगून ये, बाय. मना नाटकाला उशीर नाय करायचा."

चारुलताने कपाळाला हात लावला आणि टॅक्सी केली. खेळाला अजून भरपूर वेळ होता. नाट्यगृहाचं दारही उघडलं नव्हतं, तरी दारापाशी पहिला नंबर पुतळाबाईचा लागला.

नाटक घरगुती होतं. आईविना वाढलेली एक मुलगी, तिचं लग्न, मग बापाच्या घरातून निघणं. पुतळाबाईची पापणी लवत नव्हती. मध्यंतर झालं तेव्हा चारुलता वडे आणायला गेली आणि परत येऊन बघते तर खुर्ची रिकामी. ती घाबरीघुबरी झाली. तिसरी घंटा झाली तेव्हा पुतळाबाई धापा टाकत आली. मंडईपर्यंत जाऊन तिने नारळ, तांदूळ आणि खण आणला होता. देवाला असेल, असं चारुलताला वाटलं.

चारुलताला शिरवण्याची रीत कुठून ठाऊक असणार? तिथे नाटकातली मुलगी सासरी निघाली, की गावातल्या सवाष्णी उठून मंचावर जायच्या आणि तिची ओटी भरायच्या. साडीत पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत असे, पण म्हणून ओटी कुणी चुकवली नाही. तोवर नाटक थांबायचं आणि पेटीवाला वाजवत राहायचा. धर्मराजची ओटी साऱ्या गावाने भरली होती, फक्त त्याच्या बायकोने नव्हती.

मंचावर मुलीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि इकडे पुतळाबाई उठली. चारुलताने तिचा हात धरला, इथे असं करत नाहीत म्हणाली. पुतळाबाईने हात सोडवून घेतला. आपण विधवा आहोत, गावात असतो तर जावांनीच अडवलं असतं, हे तिला कळत होतं. ते तिने ठरवून बाजूला ठेवलं. दारवान आडवा आला. त्याच्याकडे तिने नुसतं बघितलं आणि कडेच्या पायऱ्यांनी वर चढली.

मागे कुणी हसलं. मुलीच्या बापाचं काम करणारा नट वाक्य विसरून विंगेत बघू लागला. दिव्यांनी पुतळाबाईचे डोळे दिपले, तरी ती नटीसमोर जाऊन उभी राहिली.

"वटी घे, बाय. सासरी चाललीस ना."

नटी क्षणभर गोंधळली. तिने पुतळाबाईच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, हातातल्या नारळाकडे बघितलं आणि पदर पसरला. पुतळाबाईने तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. ओटी भरून झाली तरी ती हलेना. नटीच्या गालांवरचा रंग, काजळ, रंगावरून ओघळलेलं पाणी ती जवळून बघत राहिली.

"असाच दिसत असंल माजा घरवाला," ती म्हणाली.

मग ती खाली आली, खुर्चीत बसली आणि पडदा पडेपर्यंत नाटक बघत राहिली. या वेळी मात्र तीही रडत होती.