भट्टीवरचे मिस्त्री आणि अमेरिका

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझ्या वर्कशॉपसमोर एक फौंड्री होती. तिथं ट्रॅक्टरचे भाग ओतले जायचे, आम्ही ते लेथवर कातून द्यायचो आणि माल अमेरिकेला जायचा. फौंड्रीतले भट्टीवरचे मिस्त्री सकाळी माझ्याबरोबर टपरीवर चहा घ्यायचे. पेपरात ते कुस्तीच्या आधी अमेरिकेची बातमी शोधत.

अमेरिकेत घरकर्जं बुडून मंदी आली आणि इथली भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटू लागली. मिस्त्री पेपरावर बोट आपटत सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं बोलायचे, "घरं घेतली त्येंनी, हप्तं बुडवलं त्येंनी, आन् भट्टी थंड आमची! ह्यो कुठला न्याय?"

तिकडं निवडणूक झाली. मी म्हणालो, "मिस्त्री, नवा अध्यक्ष आलाय की."

"बैल बदलला, मालक. पन गाडीचं चाक मोडलंय, त्येचं काय?"

मी हसलो, पण माझ्याही दोन मशिनी बंद होत्या.

वर्षभरानं एकदाची अमेरिकेची ऑर्डर आली. माल तयार झाला, गेटात ट्रक भरू लागला. मिस्त्रींनी भट्टीपुढं नारळ फोडला. बाहेर येऊन खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा, कुणी बघत नाही असं समजून, ट्रकमधल्या पेटीवर ठेवला.

"शेवटी अमेरिकेच्या नावानं नारळ फोडलासा की!" मी म्हणालो.

"न्हाय, मालक," मिस्त्री हात झटकत म्हणाले, "नारळ आमच्या भट्टीचा. त्येंना नुसता परसाद."