अंगाला बेतलेलं घर

घर बदलणारी माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतील. पण नवं घर आधी अंगाला बेतून, कच्चे टाके घालून, चार वेळा ट्रायल घेऊन मगच त्यात राहायला जाणारी बाई एकच झाली, आणि ती माझ्या दुर्दैवाने सदाशिव पेठेत बरोबर माझ्या डोक्यावर राहत होती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला शिंप्याची टेप कायम, आणि जगाकडे बघायचं ते आधी मापाने. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर मुलीचा फोटो हातात धरून म्हणाल्या, "खांदे उतरते आहेत. पण चांगली आहे." हे कौतुक आहे, हे मला घरी आल्यावर आईने समजावून सांगितलं.

काकांची नजर जात चालली होती. आणखी काही महिन्यांत फक्त उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या इमारतीचे जिने डोळसांनाही झेपणारे नव्हते, म्हणून बंगळुरूला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाने कर्ज काढून कर्वेनगरला लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला. मग जो येईल तो काकूंना सांगायला लागला, आता तुम्हीच त्यांचा हात धरून त्यांना हिंडवायचं. ऐकून ऐकून काकूंचं डोकं फिरलं. "हात लहान मुलांचा धरतात," त्या मला म्हणाल्या. "नव्या घरात पहिल्याच दिवशी हे स्वतः उठून स्वतःचं पाणी घेतील. मी करून घेईन." काकूंचं 'करून घेईन' म्हणजे काय, ते ज्यांचं काज त्यांनी सात-सात वेळा उसवायला लावलं त्या मुलींना विचारावं.

एका रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या माप घ्यायला निघाल्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये फरशीचं काम चाललं होतं, म्हणून वॉचमनने समोरच्या फ्लॅटचं कुलूप काढून दिलं. दोन्ही अगदी सेम आहेत, म्हणाला. काकूंनी दोन तास गुडघ्यांवर सरकत सगळं घर मोजलं, मी वही धरली. घरी येऊन त्यांनी खाकी कागदावर पोलक्यासारखं ते घर बेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यावर कपाटं सरकायला लागली. माझे कॉम्प्युटरचे क्लास सकाळी आणि संध्याकाळी. मधली एक ते चारची झोप हीच काय ती माझी मिळकत. चौथ्या दिवशी भांडायचंच असं ठरवून वर गेलो. बघतो तर कपाटाची झाली होती बाथरूमची भिंत, उभ्या केलेल्या पलंगाची बेडरूमची, आणि दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याची गॅलरी. या सगळ्यातून काका डोळे मिटून पावलं मोजत चालले होते: दारातून सहा, मग उजवीकडे, मग चार, मग हात पुढे, की माठ. "बरं झालं आलास," काकू म्हणाल्या, "फ्रीज हलवला की आत दही सांडतं. तू इथे उभा राहा." भांडण तोंडातच राहिलं आणि पुढचा दीड महिना मी दुपारी फ्रीज होतो. काका येता-जाता माझं पोट चाचपून, बर्फ फार साठलाय, असं म्हणत.

सामान बांधायला हल्ली निघालेल्या त्या पॅकर्सपैकी एकजण खोकी आणि मार्कर घेऊन आला होता. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहून देतो, म्हणाला. काकूंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "वाचणार कोण?" तो बिचारा गेला तो गेलाच. मग जुन्या चादरींची बोचकी बांधली गेली आणि प्रत्येकावर बटणं शिवली गेली. एक बटण म्हणजे काकांचे कपडे, दोन म्हणजे स्वयंपाकघर, तीन म्हणजे औषधं. रोज संध्याकाळी काका बोचक्यांवरून बोटं फिरवायचे आणि काकू तोंडी परीक्षा घ्यायच्या. मापात न बसणाऱ्या वस्तूला दयामाया नव्हती. सागवानी टेबल अर्ध्या इंचाने जास्त भरलं, ते दिलं. शेवटी शिवणाचं मशिन निघालं, कारण पलंगावरून बाथरूमकडे जाताना त्याचा पाय काकांच्या वाटेत येत होता. कात्रजची एक जुनी विद्यार्थिनी ते टेम्पोत घालून घेऊन गेली. मला राहवलं नाही, म्हटलं, काकू, अहो मशिन तरी ठेवा. त्या नुसतं म्हणाल्या, "दोघांना जागा नाही."

ताबा मिळाला तो जायच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हा काकू बोचक्यांत बुडालेल्या होत्या. किल्ल्या मीच बिल्डरच्या ऑफिसातून परस्पर घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी टेम्पो कर्वेनगरला पोचला. एव्हाना काकांना दारातला उजेड तेवढा कळत होता. घरात पहिल्यांदा त्यांनीच जायचं, असं ठरलेलं होतं. ते ताठ मानेने आत शिरले, सहा पावलं मोजली, झोकात उजवीकडे वळले आणि थाडकन भिंतीवर कपाळ आपटलं.

आम्ही मोजला होता तो फ्लॅट समोरचा. तिथे जे उजवीकडे, ते इथे डावीकडे. सगळं घर आरशात धरल्यासारखं उलटं. वही धरणाऱ्या मलाही ते कळलं नव्हतं. काकू बोचक्यावर मटकन बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "तीस वर्षं पोरींना सांगत आले, दोन्ही बाह्या समोरासमोर ठेवून कापा," त्या म्हणाल्या, "आणि मी मेलीने दोन्ही एकाच हाताच्या कापल्या." काका कपाळ चोळत उभे होते. मला वाटलं, आता हात पुढे करतील. पण ते चाचपडत उंबऱ्यापाशी परत गेले. "कापड आहे ना शिल्लक?" म्हणाले, "मग झालं तर." आणि पहिल्यापासून पावलं मोजायला लागले.

महिन्याभराने मी गेलो तेव्हा दार काकांनी उघडलं, आणि पाणीही त्यांनीच आणून दिलं. एक थेंब सांडला नाही. मला इतका आनंद झाला की मी तांब्याभर पाणी प्यायलो. काकू मात्र चहा करायला उठल्या आणि थेट भिंतीकडे निघाल्या. काकांनी खुर्चीतूनच पावलांचा कानोसा घेतला. "अगं, डावीकडे." काकू म्हणाल्या, हो की, मेलं लक्षातच राहत नाही. तासाभरात हे चार वेळा झालं. पाव इंचाला न चुकणारी ही बाई रोज त्याच दाराला चुकते, हे काही मला पटेना.

त्या लिफ्टपर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, काकू, तुमचे डोळे तपासून घ्यायचे का? त्यांनी एकदा मागे दाराकडे बघितलं.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "चाळीस वर्षं मीच त्यांना सांगत आले, असं बसा, तसं चाला. आता मला सांगायला त्यांच्याकडे एक गोष्ट आहे. ती तेवढी राहू दे."

लिफ्ट आली. काकू घराकडे वळल्या आणि आतून काकांचा आवाज आला, सहा पावलं, मग डावीकडे. "आले हं," काकू म्हणाल्या. खाली येऊन मी स्कूटरवर नुसताच बसून राहिलो. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.