अध्यक्षांची कमान आणि सिस्टरचा पोर्च

"साहेब, माझ्या पोर्चखालच्या बल्ल्या तुम्ही काढायले सांगितल्या का?"

फोन सिस्टरांचा होता, म्हणजे ज्यांचं घर मी इंजिनियर म्हणून बांधत होतो त्या रिटायर नर्सबाईंचा. मी तेव्हा आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, दुर्गा मंडळाच्या कमानीखाली उभा होतो. अंगात रेशमी कुर्ता, डोक्यावर फेटा, हातात पेढ्यांचा डबा. संध्याकाळी देवी येणार होती आणि यंदाचा अध्यक्ष मी. यवतमाळात नवरात्रात अध्यक्ष होणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. एरवी जे लोक आपल्याकडे बघून गाडी पुढे दामटतात, ते त्या दिवसांत थांबून नमस्कार करतात.

"छे! मी असं कसं सांगीन?" मी म्हणालो आणि फोनवरच लेक्चर सुरू केलं. मला लेक्चर द्यायला फार आवडतं. बायको म्हणते, याच्यापेक्षा मास्तर झाले असते तर निदान सुट्ट्या तरी मिळाल्या असत्या.

"हे बघा सिस्टर, काँक्रीट ओलं असतं तेव्हा त्याला स्वतःचा जीव नसतो. खाली लोखंडी प्लेटा, प्लेटांखाली बल्ल्या, म्हणजे हे लाकडी खांब. सगळा भार त्यांच्यावर. बाजूच्या फळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या तरी चालतं. पण खालच्या बल्ल्या? नाव काढायचं नाही. त्यातही तुमचा पोर्च म्हणजे एका बाजूनं धरलेला आणि पुढून मोकळा. माणसानं हात लांब करून बादली धरावी तसा. त्याच्या बल्ल्या सगळ्यात शेवटी..."

"साहेब, मी हाडाच्या वॉर्डात नोकरी केली हाय," सिस्टर म्हणाल्या. "प्लास्टर कधी काढायचं ते मले माहित हाय. मी विचारून राह्यली, बल्ल्या हायेत कुठी?"

बोलता बोलता मी कमानीच्या पायाला हात टेकून उभा होतो. हाताजवळ, त्या बल्लीवर, निळ्या खडूची टिक होती.

आता ही टिक म्हणजे माझं मोठेपण. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक बल्लीजवळ जातो. हलवून बघतो, खालची पाचर ठोकून बघतो, आणि पास झाली की निळ्या खडूनं टिक मारतो. असं अख्ख्या यवतमाळात कोणी करत नाही, हे मी स्वतःच लोकांना सांगत फिरतो. मी कमानीचा दुसरा पाय बघितला. टिक. आडवी बल्ली बघितली. टिक, आणि वर सिमेंटच्या पाण्याचे ओघळ. सगळी कमान माझ्याच हातानं पास झालेली होती.

"सिस्टर," मी म्हणालो, "मी आलोच."

तर झालं असं होतं. आदल्या संध्याकाळी मंडळाची मीटिंग होती. मंगेश आमचा सचिव, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "भाऊ, कमानीले बल्ल्या कमी पडून राह्यल्या. शहरात सगळीकडं मंडप. भाड्यानंबी भेटून नाई राह्यल्या."

कमान माझी होती. म्हणजे मीच कॉम्प्युटरवर काढलेली, कळस-बिळस असलेली, लेआउटच्या इतिहासातली सगळ्यात उंच. मी चिवड्याचा बकाणा भरलेल्या तोंडानं म्हणालो, "बल्ल्यांचं टेन्शन घ्यायचं नाही. सिस्टरांच्या साइटवर माझ्या पडून आहेत. उचला. विचारायचं नाही कोणाला!" टाळ्या पडल्या.

मला म्हणायचं होतं ते मागच्या मोकळ्या प्लॉटवर रचलेल्या जास्तीच्या बल्ल्यांबद्दल. त्या सेंट्रिंगच्या, म्हणजे प्लेटा-बल्ल्या लावणाऱ्या, ठेकेदारानं दुसऱ्या कामावर नेल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. मंडळाचे पोट्टे सकाळी गेले. पडलेली एक बल्ली नाही. पण पोर्चखाली बघतात तर छान सरळ, उंच, एका मापाच्या बल्ल्या उभ्या. मंगेश काही वेडा नाही. त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, "भाऊ, या घेऊ का?"

मी तेव्हा आरशासमोर फेटा बांधायची प्रॅक्टिस करत होतो. फोटो न उघडताच अंगठा टाकला.

स्कूटर मारत साइटवर पोचलो. शहराच्या कडेला, लोहारा भागाच्या बाजूला सिस्टरांचं घर. सारी नोकरी क्वार्टरात काढली बाईनं, आज या गावी, उद्या त्या गावी, आणि आता हे पहिलं स्वतःचं. रोज संध्याकाळी पाणी मारायला यायच्या आणि मग पोर्चखाली बल्ल्यांच्या मधे एक प्लास्टिकची खुर्ची टाकून थर्मासमधला चहा पीत बसायच्या. घराला दार नव्हतं, खिडकी नव्हती, पण पोर्चमधे बसायला सुरुवात झालेली होती.

ती खुर्ची तिथंच होती. आजूबाजूला एकही बल्ली नव्हती. हॉलच्या पुढच्या बाजूच्याही थोड्या गेल्या होत्या. पोर्चच्या प्लेटा तेवढ्या स्लॅबला चिकटून वर लटकत होत्या. आणि स्लॅबवर काँक्रीट मुरावं म्हणून मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवलेलं. म्हणजे अशक्त माणसाच्या डोक्यावर वरून घागर.

सिस्टर रस्त्यावर उभ्या होत्या. मला बघून खुर्ची घ्यायला पुढे निघाल्या.

"सिस्टर! राहू द्या खुर्ची!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे काका गच्चीवर आले.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, फेट्याकडे बघितलं. "इतकं हाय का?" एवढंच विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता त्यांचा.

"आहे," मी म्हणालो.

पहिलं काम पाणी काढायचं. हॉलच्या मागच्या बाजूच्या बल्ल्या शाबूत होत्या, तिकडून शिडीनं वर चढलो आणि पोर्चवर पाय न ठेवता लांब बांबूनं वाफे फोडले. पाणी धो-धो खाली आलं, अर्धं माझ्या कुर्त्यावर. मग वरून नजर टाकली. जिथं पोर्च भिंतीला धरलेला असतो तिथं वरच्या अंगाला केसासारख्या बारीक भेगा.

खाली येऊन सेंट्रिंगच्या ठेकेदाराला फोन लावला. तो वणीला कामावर. "साहेब, लोखंडी जॅक हायेत मायाजवळ, पण उद्याच भेटतीन." उद्या! आभाळ भरून आलं होतं. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. सगळ्यांच्या बल्ल्या, जॅक, पाइप, सगळं मंडपात गुंतलेलं. शहरात आज फक्त एकाच ठिकाणी बरोबर मापाच्या, पास झालेल्या बल्ल्या होत्या, आणि तिथं माझा हार घातलेला फोटो लागला होता.

मंडळात परत आलो. ढोलवाले पोचले होते.

"मंगेश, कमान उतरव."

"काय?"

"कमान उतरव. बल्ल्या परत न्यायच्या आहेत."

"भाऊ, देवी निघाली तिकडून! देवीची कमान उतरवते का कोणी? अपशकुन होते ना जी!" पोट्टे गोळा झाले. एक जण म्हणाला, "अध्यक्षाले न इचारता कमानीले हात लावता येत नाई."

"अबे, अध्यक्ष कोण आहे?"

"तुम्हीच."

"मग?"

"पण तुम्हीच तर अंगठा देल्ला, भाऊ," मंगेश म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "म्या फोटो टाकलता."

मी खिशातून फोन काढला आणि तो फोटो पहिल्यांदा उघडला. तेवढ्यात सिस्टरांची स्कुटी कमानीसमोर थांबली. त्यांनी हेल्मेट काढलं, स्टँड लावला, देवीच्या रिकाम्या चौरंगाला हात जोडले. मग पोरांकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. वॉर्डात नातेवाइकांची गर्दी बाहेर काढताना बोलत असतील तशा बोलल्या.

"देवी तुमच्या कमानीतून आली काय अन् बाजूनं आली काय, तिले फरक पडत नाई. माह्या घराले पडते. मले माह्या बल्ल्या पाह्यजे. आत्ता."

पोट्टे हलले. मी दिवसभर जे अध्यक्ष, इंजिनियर, भाऊ अशा सगळ्या पदांवरून सांगू शकलो नसतो, ते बाईंनी स्कुटीजवळ उभ्या उभ्या करून टाकलं. पहिला खाली आला तो माझा फोटोचा फ्लेक्स. "आपले लाडके अध्यक्ष." तो घडी करून मेटॅडोरमधे बल्ल्यांबरोबरच टाकला.

आता खरी गंमत. बल्ल्या आल्या, पण त्या लावायला कोणीतरी त्या लटकत्या स्लॅबखाली जायला पाहिजे. सगळे माझ्याकडे बघत होते. सिस्टरही.

"पहिले तुम्ही," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं.

साइटवर हेल्मेट घाला, हेल्मेट घाला, म्हणून मी मजुरांचं डोकं खातो. माझं हेल्मेट घरी माळ्यावर होतं. डोक्यावर भगवा फेटा होता, तोच घट्ट केला. भिंतीच्या कडेपासून सुरुवात केली, कारण तिथं स्लॅब सगळ्यात कमी खाली आलेला असतो. एक बल्ली उभी करायची, खाली फळी द्यायची, पाचर ठोकायची, मग तिच्या आडोशानं पुढची. मंगेश माझ्या मागून बल्ल्या सरकवत होता आणि देवीचं नाव घेत होता. मीही घेत होतो, मनातल्या मनात. इंजिनियर माणसानं मोठ्यानं घेणं बरं दिसत नाही.

एक गोष्ट इथं सांगून ठेवतो. खाली आलेला स्लॅब पाचर ठोकून वर ढकलायचा नसतो. भेग आणखी फाकते. तो आहे तिथंच धरायचा, बस टेकेल एवढंच. एका पोट्ट्यानं जोशात घण उचलला तेव्हा मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचाऱ्यानं घण सिस्टरांच्या हातात दिला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

पुढच्या टोकाची शेवटची बल्ली लागली आणि पावसाचे थेंब सुरू झाले. सिमेंटची पोती उघडी होती. झाकायला काही नव्हतं. सिस्टरांनी मेटॅडोरमधून माझा फ्लेक्स काढला आणि पोत्यांवर पसरला. माझं हसरं तोंड वर, त्यावर पाऊस. कोणी हसलं नाही, म्हणजे माझ्यासमोर नाही.

देवी आली तेव्हा आमच्याकडे कमानीच्या जागी केळीचे दोन खुंट होते. ट्रॉलीवरची मूर्ती बघून मंगेश माझ्याजवळ सरकला. "भाऊ, तुमची कमान केवढी उंच होती?" मी सांगितलं. त्यानं ट्रॉलीकडे बघितलं, मूर्तीच्या मुकुटाकडे बघितलं, आणि हातानं हवेत माप घेतलं. मग मीही बघितलं. मूर्तीची उंची मी बरोबर धरली होती. ट्रॉलीची धरायचीच राहिली होती. कमान असती तर देवी रात्रभर रस्त्यावर आणि अध्यक्ष करवत घेऊन कळसावर, असा देखावा झाला असता. मंडळाचे लोक अजून म्हणतात, देवीनंच वाचवलं. कोणाला वाचवलं ते मी विचारत नाही.

पुढं माझ्याहून जाणत्या एका स्ट्रक्चरल इंजिनियरला आणून दाखवलं. हॉल ठीक निघाला. पोर्चचं टोक बोटभर खाली बसलं होतं. ते म्हणाले, "उभा राहीलही. पण तू याच्याखाली बसून चहा पिशील का?" मी सिस्टरांच्या खुर्चीकडे बघितलं आणि पोर्च तोडायला काढला. नव्यानं सळई बांधली, नव्यानं काँक्रीट टाकलं, सगळं माझ्या खिशातून. सिस्टर रोज संध्याकाळी पाणी मारायला येत राहिल्या.

नव्या पोर्चच्या बल्ल्या काढायचा दिवस त्यांनी ठरवला, मी नाही. मी, आता काढू या, म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून राहू द्या." पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. शेवटी परवानगी दिली आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. एकेक बल्ली निघाली. टोकाची राहिली तेव्हा हात वर केला.

"ती राहू द्या."

"सिस्टर, तिची गरज नाही. स्लॅब आता स्वतःच्या जिवावर उभा आहे."

"स्लॅबचं नाई म्हणून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "तुमचं काई सांगता येत नाई."

वास्तुपूजनाला बल्ली तिथंच होती. पाचर काढलेली, खाली सिमेंटात रोवलेली, वर स्लॅब आणि तिच्यात बोटभर फट. आता तिच्यावर मनीप्लांट चढला आहे. पाहुणे विचारतात, एवढ्या छान पोर्चमधे हे लाकूड कायले? सिस्टर पहिल्यापासून सगळं सांगतात, फेट्यासकट. त्या भागातून गेलो की मला चहाला थांबवतात, आणि मी खुर्चीत बसण्याआधी नकळत वर मान करून ती फट बघतो. आहे तेवढीच आहे.

शिकलो काय? ग्रुपवर आलेला प्रत्येक फोटो मी आता उघडून, मोठा करून बघतो, मग तो कोणाच्या वाढदिवसाच्या केकचा का असेना. बायको म्हणते, लोक तुम्हाला खडूस समजायला लागलेत. समजोत. मागच्या वेळी सिस्टरांनी मनीप्लांटची पानं बाजूला करून दाखवलं. खाली निळ्या खडूची टिक तशीच होती. "पुसली नाई मी," त्या म्हणाल्या. "वरून पारदर्शक वॉर्निश मारलं."